वरातीच्या घोडीलाही दुर्बिणीची शस्त्रक्रिया

एप्रिलचा शेवटचा शनिवार म्हणजे जागतिक पशुवैद्यक दिन. जागतिक पशुवैद्यक संघटनेने २००० साली तो सुरू केला. आपल्याकडे तो ऐन लग्नसराईत येतो. मुलुंडचा पाच रस्ता असो, घाटकोपरच्या गल्ल्या असोत, बोरिवलीतली मैदाने असोत की अंधेरीतले हॉल, या दिवसांत सूर्य मावळला की वराती निघतात. पुढे बँड, बाजूला दिव्यांच्या छत्र्या, पायाशी फटाके, आणि या सगळ्या गोंगाटातून झूल आणि कलगी ल्यालेली घोडी नवरदेवाला पाठीवर घेऊन शांतपणे चालत असते. ती बिथरली तर काय होईल, हा विचार वरातीतल्या कुणाच्या मनात येत नाही, कारण ती बहुधा बिथरत नाही. आज तिच्याविषयी लिहायचे आम्ही ठरवले आहे, आणि तेही तिच्या अशा एका दुखण्याविषयी, ज्याची चर्चा तबेल्याबाहेर जात नाही.

वर्षानुवर्षे मुलांनाही पाठीवर बसू देणारी घोडी काही महिन्यांत बदलते. शेजारच्या घोड्यांवर धावून जाते, चावते, कान मागे टाकून लाथ उगारते, एखाद्या नर घोड्यासारखी वागू लागते. काही घोड्या सतत माजावर असल्यासारख्या दिसतात, तर काही माजावर येणेच थांबवतात. घोडेवाला म्हणतो, घोडी बिघडली. मग लगाम आवळला जातो, चंदी कमी होते, मार वाढतो, शेवटी ती विकली जाते. यातल्या काही घोड्यांच्या अंडाशयात गाठ असते. ग्रॅन्युलोसा सेल ट्यूमर हे तिचे नाव. घोडीच्या अंडाशयात होणाऱ्या गाठींमध्ये ही सर्वांत जास्त आढळते. ती बहुधा एकाच बाजूला असते आणि बहुधा कर्करोगासारखी पसरत नाही, पण संप्रेरके सोडून घोडीचा सगळा स्वभाव पालटून टाकते. सोनोग्राफीत ते अंडाशय मधाच्या पोळ्यासारखे पोकळ्या-पोकळ्यांचे दिसते, दुसरे अंडाशय आक्रसून निपचित झालेले असते, आणि रक्तातल्या अँटी-म्युलेरियन हार्मोनच्या चाचणीने निदान पक्के होते. गाठीसकट ते अंडाशय काढले की वागणे सहसा पूर्वपदावर येते. दुसरे अंडाशयही पुढच्या वर्षभरात बहुतेकदा पुन्हा काम करू लागते आणि घोडी गाभणही राहू शकते.

नरांमध्ये असाच एक प्रकार आहे. शिंगराचा एक वृषण पोटातून खाली उतरतच नाही. खच्ची करताना दिसणारा एक काढला जातो, दुसरा पोटात राहून जातो आणि संप्रेरके बनवत राहतो. घोडा खच्ची झाला असे समजून त्याला जुहूच्या वाळूत किंवा माथेरानच्या वाटेवर पोराटोरांसाठी उभे केले जाते, आणि एखादी घोडी जवळून गेली की तो दोन पायांवर उभा राहतो. अशा घोड्यामुळे पाठीवरचे मूल, लगाम धरणारा मोतद्दार आणि तो घोडा स्वतः, तिघेही धोक्यात येतात. पोटात अडकलेल्या वृषणात पुढे गाठ होण्याची भीती असते ती वेगळीच.

दोन्ही दुखण्यांवर उपाय एकच, पोटात शिरून तो अवयव काढणे. घोड्याच्या बाबतीत हे फार कठीण होते. पोट उघडायचे तर त्याला संपूर्ण भूल देऊन पाठीवर आडवे करावे लागते. चार-पाचशे किलोंचे हे जनावर तासभर असे पडून राहिले तरी स्वतःच्याच वजनाखाली त्याचे स्नायू चेंगरतात, रक्तदाब घसरतो, फुप्फुसांवर आतड्यांचा भार येतो. खरी कसोटी तर नंतर असते. शुद्धीवर येताना घोडा घाबरतो. पळणे हेच त्याचे संरक्षण असल्यामुळे पाय सावरायच्या आत तो उठू पाहतो, आणि पडून पाय मोडून घेतो. मोडलेल्या पायाचा घोडा बहुतेक वेळा वाचत नाही. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या हजारो घोड्यांच्या पाहणीत, पोटशुळाचे रुग्ण वगळूनही, संपूर्ण भुलीनंतर दगावणाऱ्या घोड्यांचे प्रमाण शेकडा एकाच्या जवळपास होते. त्यानंतर त्यात सुधारणा झाली आहे, तरी माणसाच्या भुलीच्या तुलनेत ते कितीतरी पटींनी जास्त आहे. त्यामुळे अंडाशयाच्या गाठीसाठी पोट उघडायला डॉक्टर आणि मालक दोघेही कचरत आले, यात नवल नाही.

या कोंडीतून वाट निघाली ती घोड्याला आडवे न करण्याच्या कल्पनेतून. दुर्बिणीची शस्त्रक्रिया घोडा उभा असतानाच करता येते. आधी चोवीस तासांच्या आसपास त्याला वैरण देत नाहीत, पाणी देतात. आतडी रिकामी झाली की खाली बसतात आणि वरच्या बाजूला असलेली अंडाशये समोर येतात. मग घोडीला लोखंडी चौकटीत, पशुवैद्य जिला ट्रेविस म्हणतात त्यात, उभे करतात. डेटोमिडीनसारख्या औषधाची संथ धार शिरेतून चालू ठेवली की ती पेंगुळते, मान खाली घालते, पण पाय टेकून उभी राहते. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्यामधल्या खोलगट कुशीत भूल टोचतात आणि तिथे एकेक-दोन सेंटिमीटरच्या दोन-तीन चिरा घेतात. एकीतून अर्ध्या मीटरहून लांब दुर्बीण आत जाते, बाकीच्यांतून हत्यारे. कार्बन डायऑक्साइड सोडून पोटात जागा करतात. पडद्यावर अंडाशय दिसते. ते ज्या पडद्याला लटकलेले असते त्यात पुन्हा भूल टोचतात, कारण त्या पडद्याला ओढ बसली की घोडीला कळ येते. मग रक्तवाहिन्या उष्णतेने मिटवून कापणारे उपकरण लावतात, अंडाशय सुटे होते आणि एक चीर गरजेपुरती वाढवून बाहेर काढतात. पोटातल्या वृषणाचेही असेच. त्यात आणखी एक फायदा असा की तो नेमका कुठे दडला आहे ते डोळ्यांना दिसते. आंधळेपणाने हात घालून चाचपडावे लागत नाही.

काम संपले की घोडी चौकटीतून स्वतःच्या पायांनी बाहेर येते. पोटाच्या मधोमध मोठी चीर घेतली असती तर दोन-तीन महिने तिला काम देता आले नसते. इथे काही दिवस तबेल्यात विश्रांती, मग लगाम धरून फिरवणे, आणि सगळे नीट असेल तर दोन-तीन आठवड्यांत काम.

यातले धोकेही सांगायला हवेत. पहिले हत्यार आत घालताना प्लीहा किंवा आतडे भोसकले जाऊ शकते. डाव्या बाजूला प्लीहा अगदी जवळ असते. रक्तवाहिनी नीट मिटली नाही तर आत रक्तस्राव होतो. पेंगुळलेली घोडी क्वचित मध्येच बसकण मारू पाहते. गाठ फार मोठी असेल तर छोट्या चिरेतून निघत नाही, हात घालण्याइतकी जागा करावी लागते. आणि प्रत्येक तापट घोडीचे दुखणे अंडाशयात नसते. पाठ दुखते, खोगीर रुतते, नाल चुकीचा बसतो, पोटात व्रण असतात, अशा साध्या कारणांनीही घोडी चिडते. निरोगी अंडाशये काढल्यावरही काही घोड्या माजावर आल्यासारख्या वागत राहतात. त्यामुळे आधी तपासणी, मग सोनोग्राफी, मग रक्त आणि त्यानंतर गरज असेल तरच दुर्बीण, हा क्रम मोडू नये. दोन्ही वृषण खाली उतरलेल्या घोड्याला खच्ची करायला तर दुर्बिणीची गरजच नसते. ते काम भूल देऊन थोड्या वेळात होते.

पोटातली दुर्बीण हा शब्द महाराष्ट्राच्या घराघरात पोहोचला तो मुळात प्रजननाच्याच वाटेने. कुटुंबनियोजनाच्या शिबिरांत 'बिनटाक्याचे ऑपरेशन' झालेल्या बाया प्रत्येक गावात भेटतात. जगातही या तंत्राची वाढ स्त्रीरोगतज्ज्ञांच्या हातून झाली. १९८० साली दुर्बिणीने अपेंडिक्स काढणारे जर्मनीचे कुर्ट झेम स्त्रीरोगतज्ज्ञच होते. घोड्यांच्या बाबतीतही सुरुवात घोडीच्या अंडाशयापासून झाली. १९७० साली अमेरिकेतल्या विदरस्पून आणि टॅलबट यांनी पोटात दुर्बीण घालून घोडीचे बीज कुठून सुटते ते पाहिले. घोडीचे बीज अंडाशयाच्या साऱ्या पृष्ठभागावरून सुटत नाही, एका ठरलेल्या खाचेतूनच बाहेर येते. इतर पाळीव जनावरांपेक्षा हे वेगळे आहे. पाहण्यासाठी आत गेलेली दुर्बीण पुढे पंचवीसेक वर्षांत उभ्या घोड्याची शस्त्रक्रिया करू लागली.

मुंबईचा या इतिहासात मानाचा वाटा आहे. ३१ मे १९९० रोजी जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी दुर्बिणीने पित्ताशय काढले. भारतातली ती पहिली अशी शस्त्रक्रिया. तिच्या कितीतरी आधी, १९७२ पासून, ते त्याच सार्वजनिक रुग्णालयात गरीब रुग्णांच्या पोटात निदानासाठी दुर्बीण घालत होते. हे महागडे खूळ आहे, गरीब देशाला परवडणार नाही, असे सांगणारे तेव्हा पुष्कळ होते. उडवाडियांचे म्हणणे नेमके उलटे होते. ज्याचे पोट रोजच्या कमाईवर आहे, त्यालाच लवकर बरे होण्याची सर्वांत जास्त गरज असते. ते आयुष्यभर हेच सांगत आणि करत राहिले. २०२३ साली त्यांचे निधन झाले.

हाच विचार आता घोडेवाल्याच्या तबेल्यापर्यंत न्यायला हवा, असे आम्हांला वाटते. आज घोड्यांच्या प्रजननातले सगळे अद्ययावत ज्ञान पैसा आहे तिथे गोळा झाले आहे. शर्यतीच्या थरोब्रेड घोड्यांमध्ये कृत्रिम रेतनाला मान्यता नाही, नैसर्गिक संयोगच लागतो. त्यामुळे उमद्या घोडीची कूस हीच स्टड फार्मची ठेव असते, आणि ती राखण्यासाठी वाटेल तो खर्च केला जातो. २००६ साली ब्रिटनमध्ये ट्विंक ॲलन आणि सहकाऱ्यांनी, कारण न सापडता गाभण न राहणाऱ्या १५ घोड्यांच्या बीजवाहिन्यांवर दुर्बिणीतून प्रोस्टाग्लँडिनचे जेल लावले, आणि त्यातल्या १४ गाभण राहिल्या. पुढे हेच औषध पोटाला चीर न देता गर्भाशयातूनही पोहोचवण्याचे प्रयोग झाले. आपल्या देशात राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राच्या बिकानेर केंद्रात २०२३ साली भ्रूण प्रत्यारोपणातून मारवाडी जातीची 'राज-प्रथमा' जन्मली. हे सारे अभिमानाचेच आहे. आपल्या भीमा-नीरेच्या खोऱ्यातल्या भीमथडी घोड्यांची अलीकडे स्वतंत्र जात म्हणून नोंद झाली, त्यांच्या मोजक्या घोड्यांच्या कुशीसाठीही उद्या हेच ज्ञान लागणार आहे.

पण मालाडच्या किंवा मुलुंडच्या तबेल्यातली घोडी कुणाच्या वंशावळीत नसते. तिची किंमत तिच्या आजच्या कामात असते. एका हंगामात ती जे मिळवते त्यावर घोडेवाल्याचे घर, मोतद्दाराचा पगार, नालबंदाचा हिशोब आणि तिची स्वतःची चंदी चालते. ती तीन महिने उभी राहिली तर हा सगळा गाडा थांबतो. म्हणून पोट उघडायचा सल्ला मिळाला की मालक तिला विकून मोकळा होतो, आणि विकताना दुखणे सांगत नाही. पुढचा मालकही तिला मारूनच सरळ करू पाहतो. दोन-तीन आठवड्यांत कामावर परतवणारा उपाय अशा घोडीसाठी चैनीचा नाही, तोच तिला परवडणारा आहे.

एक आक्षेप येईल, आणि तो आम्ही गंभीरपणे घेतो. घोड्यांनी शहराच्या रस्त्यांवर असावेच का? जून २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मौजेखातर चालणाऱ्या व्हिक्टोरिया घोडागाड्या बेकायदा ठरवल्या आणि त्या वर्षभरात बंद करायला सांगितल्या. डांबरी रस्ता, आवाज, उकाडा आणि कोंदट तबेले पाहता त्या निर्णयामागची कळकळ कुणालाही पटावी. वरातीतल्या घोड्याही कमी झाल्या तर आम्हांला वाईट वाटणार नाही. मात्र घोडे कमी व्हावेत असे ज्यांना वाटते त्यांनीही या शस्त्रक्रियेची मागणी करावी. अर्धवट खच्ची झालेला नर कुणी सांभाळायला घेत नाही. ज्या घोडीला काबूत ठेवता येत नाही तिला निवारागृहातही जागा मिळणे अवघड. काम करत असो वा निवृत्त, शांत स्वभावाचे जनावर जगवता येते. जे आज आपल्यासाठी राबत आहेत त्यांचे दुखणे, हा व्यवसाय राहावा की जावा याचा निकाल लागेपर्यंत थांबवून ठेवता येत नाही.

मुंबईत यासाठी नव्याने पाया घालायची गरज नाही. परळचे पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ साली सुरू झाले. त्याच्या आवारातले बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय सर दिनशा माणेकजी पेटिट यांच्या देणगीतून १८८० च्या दशकातच उभे राहिले. मुंबईतली प्राणिदया संस्था, बॉम्बे एसपीसीए, त्याआधीची, १८७४ ची. त्याच साली शहरात घोड्यांच्या ट्राम धावू लागल्या होत्या. म्हणजे ज्या काळात ही मुंबई घोड्यांच्या खांद्यावर चालत होती, त्याच काळात त्यांच्यासाठी दवाखाना बांधण्याची बुद्धी या शहराला झाली. दान देणाऱ्यांसमोर तेव्हा शर्यतीच्या घोड्यांइतकेच ओझे ओढून जखमी झालेले घोडे आणि बैल होते. आज उपनगरातल्या घोडेवाल्याला मोठे दुखणे निघाले की परळच आठवते. बोरिवलीहून किंवा मुलुंडहून आजारी घोडी टेम्पोत घालून महामार्गाच्या गर्दीतून तिथवर नेणे म्हणजे शस्त्रक्रियेआधीच तिची निम्मी ताकद खर्च करणे. महाविद्यालयाची गोरेगावला, आरे वसाहतीतही जागा आहे. आरे ही १९४९ पासून म्हशींची वसाहत. तबेले, वैरण, मोठी जनावरे हाताळणारी माणसे तिथे आजही आहेत. उपनगरांसाठी उभ्या घोड्याची शस्त्रक्रिया करणारे छोटे केंद्र व्हायचे तर ते इथे व्हावे.

त्याला फार काही लागणार नाही. घसरणार नाही अशी फरशी, भक्कम ट्रेविस, बेशुद्धीच्या औषधांची कुलूपबंद सोय आणि दुर्बिणीचा संच. कॅमेरा, पडदा, प्रकाशाचा स्रोत, वायू सोडणारे यंत्र ही माणसांच्या रुग्णालयातलीच चालतात. अंधेरी ते मुलुंड या पट्ट्यातली मोठी रुग्णालये दर काही वर्षांनी हे संच बदलतात, त्यातले चालू स्थितीतले जुने संच आरेला देता येतील. घोड्यासाठी वेगळी लागते ती लांब दुर्बीण आणि लांब हत्यारे, कारण माणसासाठी बनवलेली घोड्याच्या अंडाशयापर्यंत पोहोचत नाहीत. तेवढी खरेदी राज्याच्या पशुसंवर्धन खात्याने करावी. शिकवायला पुण्या-मुंबईच्या शर्यतींच्या घोड्यांवर हात बसलेले पशुवैद्य आहेत. त्यांनी महिन्यातले दोन दिवस द्यावेत अशी आमची त्यांना जाहीर विनंती आहे.

एका गोष्टीबाबत मात्र आम्हांला ठामपणे बोलायचे आहे. याचे शिबिर होऊ देऊ नका. नोव्हेंबर २०१४ मध्ये छत्तीसगडमधल्या बिलासपूरजवळ एका शिबिरात काही तासांत ८३ स्त्रियांची दुर्बिणीने नसबंदी केली गेली. बिलासपूरच्या त्या दिवसांत १३ स्त्रिया प्राणांना मुकल्या. पुढे २०१६ साली देविका बिस्वास यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने अशी शिबिरे बंद करायला सांगितली. यंत्र तेच होते, पण उद्दिष्टाचा आकडा, घाई आणि अस्वच्छता यांनी त्याचा घात केला. बोलता येणाऱ्या माणसांच्या बाबतीत हे झाले, मग मुक्या जनावरांच्या बाबतीत किती सहज होईल! एका दिवसात दोनच घोडे, प्रत्येकाला निर्जंतुक केलेली स्वतंत्र हत्यारे, प्रत्येकाची नंतर निदान पंधरा दिवस विचारपूस, आणि संख्येवर कुणाचेही कौतुक नाही, एवढे नियम पहिल्याच दिवशी भिंतीवर लागले पाहिजेत.

वेळही ठरलेली आहे. आषाढी एकादशीला चातुर्मास लागला की तुळशीच्या लग्नापर्यंत वराती थांबतात. पावसात माथेरानची गर्दी आणि जुहूची घोडेस्वारीही ओसरते. जनावरांना सवड असते ती याच चार महिन्यांत. अडचण अशी की घोडेवाल्याच्या हातात पैसा नसतो तोही याच चार महिन्यांत. चंदीसाठीच उधार आणणारा माणूस शस्त्रक्रियेची फी आगाऊ कुठून भरणार? म्हणून फी पुढच्या हंगामात हप्त्याने घ्यावी, आणि शस्त्रक्रियेनंतरच्या पंधरा दिवसांची वैरण केंद्रातूनच मिळावी. तपासणी, सोनोग्राफी आणि रक्ताचे नमुने आषाढी लागायच्या आत घेतले, तर कोणत्या घोडीला खरेच दुर्बीण हवी आणि कोणत्या घोडीला फक्त बरा नालबंद हवा, हे चातुर्मासाआधी कळेल. पहिल्या वर्षी पाच-सात जनावरे झाली तरी पुरे. त्यांची वये, निदान, किती दिवसांत कामावर परतली, कुणाला काय त्रास झाला, हे सगळे महाविद्यालयाने मराठीत छापून उपनगरातल्या प्रत्येक तबेल्यात पोहोचवावे. वाईट निकाल आले असतील तर तेही त्यात असावेत.